आत्या जरा टेकल्यात

चांगलं अक्षर हा माणसाचा शत्रू आहे. ज्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं असतं त्याच्या वाट्याला कोणी जात नाही. तो सुखाने जगतो आणि बहुधा साहेब होतो. कपडे वाळत घालायचे चिमटे बनवणाऱ्या एका कारखान्यात, मागच्या शेडमध्ये, तयार चिमटे तपासायच्या टेबलावर एक सरळमार्गी गृहस्थ बसत. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. व्हायचं ते झालं. एका सोमवारी साहेबांनी त्यांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, आजपासून तुम्ही प्रशिक्षक.

कशाचे, ते साहेबांनाही धड माहीत नव्हतं. मुख्य कचेरीतून फतवा आला होता की प्रत्येक यंत्राची परिणामकारकता मोजा, कामगारांना ती मोजायला शिकवा आणि मग ती वाढवा. सोबत एक जाडजूड पुस्तिका होती. साहेबांनी तिचं पहिलं आणि शेवटचं पान वाचलं होतं, कारण मधल्या पानांवर आकडे होते. शेवटच्या पानावरची एक ओळ त्यांनी लाल पेनाने अधोरेखित केली होती: ज्या यंत्राचा आकडा साठच्या खाली राहील ते काढून टाकण्यात येईल. यंत्र जातं तेव्हा एकटं जात नाही, त्याच्याभोवती उभी राहणारी माणसंही जातात, हे मात्र पुस्तिकेत नव्हतं. पुस्तिका लिहिणाऱ्यांवर यंत्राबरोबर जायची पाळी कधी येत नाही, त्यामुळे त्यांना ते सुचत नसावं.

संध्याकाळपर्यंत कारखाना या गृहस्थांना ‘मास्तर’ म्हणू लागला. मास्तरांना आधी राग आला, मग घाम फुटला, आणि जेवताना पुस्तिका चाळता चाळता कुतूहल वाटायला लागलं. हा त्यांचा जुना रोग. लहानपणी घड्याळ उघडून ते बिघडवणाऱ्यांपैकी ते होते. फरक एवढाच की बिघडलं याचं दुःख न करता ते कसं बिघडलं यातच ते रमत.

गोष्ट तशी सोपी होती. यंत्र दिवसातला किती वेळ चालतं, चालतं तेव्हा किती वेगाने चालतं, आणि जे बाहेर टाकतं त्यातलं धड किती असतं. तीन आकडे, त्यांचा गुणाकार, की आली परिणामकारकता. बायको म्हणाली, “एवढं सोपं असतं तर त्यांनी स्वतःच केलं नसतं का? भाजी वाढू?”

पहिलं यंत्र ठरलं जुळणीचं. प्लास्टिकच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, मध्ये स्प्रिंग बसवायची आणि चिमटा बाहेर टाकायचा, एवढं त्याचं काम. वय बरंच, आवाज खणखणीत, स्वभाव तापट. म्हणून सगळे त्याला आत्या म्हणत आणि अहोजाहो करत. आत्यांना चालवायचे दाजी. ते नेमके कोणाचे दाजी हे विसरलं गेलं होतं, त्यामुळे ते सगळ्यांचे दाजी होते. पुढे पडणारे चिमटे पाकिटात भरायला दोघी जावा होत्या, थोरली आणि धाकटी. घरी त्यांचं एकमेकींशी पटत नसे. कामावर आत्यांच्या आवाजात एकमेकींचं ऐकूच येत नसल्यामुळे छान पटे.

मोजायचं तर घड्याळ हवं, सेकंद दाखवणारं, दाबलं की थांबणारं. मास्तरांनी खरेदी विभागाला अर्ज केला. खरेदी विभाग म्हणाला, असलं घड्याळ आमच्या यादीत ‘खेळाचं साहित्य’ या सदरात आहे, तेव्हा कामगार कल्याण विभागाकडे जा. कल्याण विभागाने विचारलं, स्पर्धा कसली आहे. मास्तरांनी सांगितलं, स्पर्धा नाही, यंत्र मोजायचंय. कल्याण विभाग म्हणाला, मग खरेदीकडे जा. असे काही फेरे झाल्यावर मास्तरांनी ‘धावणे’ असं लिहून दिलं आणि घड्याळ मिळालं. ते एकटं मिळेना. त्याच दोरीत शिट्टी होती, आणि दोन्ही मिळून एक नग होता. नग फोडता येत नाही, असा नियम. तेव्हापासून मास्तर गळ्यात घड्याळ आणि शिट्टी अडकवून कारखान्यात हिंडू लागले, आणि त्यांच्या प्रतिष्ठेला पहिलं भोक पडलं.

पहिली शिकवणी गोदामाच्या कोपऱ्यात झाली. आत्यांना थांबवून दाजी आणि जावा बाकांवर येऊन बसल्या. मास्तरांनी फळ्यावर उदाहरण लिहिलं. समजा वेळेत नव्वद टक्के, वेगात नव्वद टक्के, चांगल्या मालात नव्वद टक्के. तर परिणामकारकता किती? धाकटी म्हणाली, नव्वद, त्यात काय. मास्तरांनी हसून गुणाकार केला आणि त्र्याहत्तर लिहिलं.

मग थोरली उठली. “मास्तर, माझ्या पोरीला तीन विषयांत नव्वद-नव्वद मिळाले आणि शाळेने एकूण त्र्याहत्तर लिहिले, तर मी शाळेत जाऊन काय करीन सांगू?” मास्तर म्हणाले, नको. त्यांनी गुणाकार पुन्हा केला, हळू केला, रंगीत खडूने केला. तरी तो त्र्याहत्तरच येत राहिला, आणि वर्गाची खात्री पटली की हा माणूस वरच्यांनी पेरलेला आहे.

तरीही मास्तरांनी रोज सकाळची शिकवणी चालू ठेवली आणि आत्यांच्या शेजारी एक फळा टांगला. त्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘मशीन बंद’. सूचना साधी होती: मशीन बंद झालं की किती वेळ, तो लिहायचा. आठवडा गेला. फळ्यावर एक अक्षर नाही. खडू तसाच टोकदार. म्हणजे आत्या एकदाही बंद पडल्या नव्हत्या. वेगाचं म्हणाल तर त्या आपल्या ठरल्या वेगाने धावत, आणि तपासणीच्या टेबलावर मास्तरांच्या जागी कोणी बसवलेलंच नसल्याने एकही चिमटा खराब निघाला नव्हता. तिन्हीकडे शंभर. शंभराचा गुणाकार मात्र सगळ्यांना पटला. साहेबांनी तो आकडा त्याच दिवशी वर कळवला आणि खाली स्वतःची सही ठोकली. यशाखाली सही करायला साहेबांचा हात कधी थरथरत नाही.

मास्तरांना मात्र खाज सुटली. कारण चिमट्यांची पाकिटं शंभराच्या हिशेबाने निघत नव्हती, निम्म्याच्या आसपास निघत होती. टेबलाची तात्पुरती सोय लावून ते आत्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. थोड्याच वेळात आत्या खड्‌खड् करत थांबल्या. दाजींनी शांतपणे झाकण उघडलं, आत बोट घातलं, झाकण लावलं. आत्या सुरू झाल्या. फळा कोराच.

मास्तरांनी विचारलं, हे लिहिलं का नाही. दाजी म्हणाले, काय लिहायचं, तसं कुठे काय झालं होतं? घास अडकला होता. दुपारी पुन्हा थांबल्या. तेव्हाही तसं काही नव्हतं, रुसल्या होत्या. रुसल्या की पाठीवर थाप मारावी लागे. मग एकदा काहीच कारण नसताना पट्टी अर्ध्यात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्याला ‘विचारात पडणं’ म्हणत. आणि चारच्या सुमाराला जेव्हा मोटर इतकी तापली की वर हात ठेववेना, तेव्हा धाकटीने मास्तरांना समजावलं की घाबरू नका, आत्या जरा टेकल्यात.

मास्तर हरखून गेले. त्यांनी आयुष्यभर चिमटे तपासले होते, पण यंत्र थांबण्याला इतकी नावं असतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यांच्या ध्यानात आलं की या शेडमध्ये ‘बंद’ हा शब्दच कोणी काढत नाही. दिवा मालवत, नळ आवळत, दार लोटत, पंखा थोपवत. बंद काही करत नसत. असं का, हे त्यांनी थोरलीला विचारलं. तिने पाकिटाला गाठ मारली आणि भिंतीकडे हनुवटी केली. भिंतीपलीकडे पूर्वी साबणाच्या डब्यांचा विभाग होता. एका सकाळी तिथल्या दारावर कागद लागला. त्यावर एकच शब्द मोठा होता, बाकीचं बारीक. बारीक कोणी वाचलं नाही. थोरलीचा नवरा त्या विभागात होता.

“आपल्या तोंडाने कशाला बोलवा त्याला,” ती म्हणाली, आणि पुढचं पाकीट घेतलं.

मास्तरांनी फळा पुसला. नव्याने रकाने आखले: घास अडकला, रुसल्या, विचारात पडल्या, टेकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फळा भरला. दाजी तर इतके रंगात आले की ‘शिंकल्या’ असा एक रकाना त्यांनी स्वतःच वाढवला. आता हिशेब खरा निघायला लागला, आणि खरा आकडा पंचावन्नच्या पुढे जाईना.

हा प्रसंग फार वाईट असतो. माणसांनी विश्वासाने खरं सांगितलं, आणि त्या खऱ्याने त्यांचाच गळा आवळायला घेतला. पंचावन्न म्हणजे साठच्या खाली, साठच्या खाली म्हणजे आत्या भंगारात, आणि आत्यांमागे दाजी आणि दोघी जावा. तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं. शंभराची कीर्ती वर पोचली होती. मुख्य कचेरीतल्या मॅडम स्वतः तो आकडा बघायला येणार होत्या, कारण इतर कुठल्याच कारखान्यात असा आकडा निघाला नव्हता.

मास्तरांनी खरा आकडा सांगितला. साहेबांनी आपल्या पदाला शोभेल असा निष्कर्ष काढला की आकडा घसरला याचा अर्थ शिकवणी कमी पडते. सकाळी एक होती, ती दोन करा. दोन केल्या. आकडा आणखी घसरला. साहेब म्हणाले, तीन करा, आणि जेवणानंतर उजळणी घ्या. आता वर्गाला गुणाकार पाठ झाला होता, धाकटी तर डोळे मिटून त्र्याहत्तर म्हणायची, आणि आकडा पस्तिशीला टेकला होता.

मास्तरांनी घरीही मोजणी सुरू केली. हाताला सवय हवी, हे त्यांचं म्हणणं. कपडे धुण्याचं यंत्र लावलं की ते गळ्यात घड्याळ घालून मोरीच्या दारात उभे राहत. बायको सहन करत होती. पण वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात शिट्टी पाहिली आणि विषय हातचा गेला. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून मोजायला काहीतरी शोधतच होते. त्यांनी मास्तरांना फुकट सल्ला दिला की वरच्याला खरा आकडा सांगू नये, खोटाही सांगू नये. तुम्हाला किती हवाय, असं त्यालाच अदबीने विचारावं, आपण खात्यात असंच करत होतो. मग ते पुस्तिका वाचायला घेऊन गेले आणि त्यांनी इमारतीची लिफ्ट मोजायला काढली.

लिफ्ट सारखी कोणीतरी वापरत असे, त्यामुळे काकांना हवी तेव्हा ती उपलब्ध नसे. उपलब्धता वाढवायची म्हणून काकांनी दारावर पाटी लावली की कृपया जिन्याने जावे. उपलब्धता शंभरावर गेली. लिफ्ट दिवसभर रिकामी, दिमाखात उभी, आणि माणसं पिशव्या घेऊन जिन्यात धापा टाकत. दोष अर्थातच मास्तरांना. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्या बायकोला भर जिन्यात विचारलं, तुमच्या यांना घरात काही काम नसतं का.

कारखान्यात मास्तरांपुढे वेगळंच कोडं होतं. फळ्यावरचे सगळे रकाने जोडले, घास, रुसवे, विचार, टेकणं, शिंका, तरी दिवसातला बराच वेळ उरत होता. त्या वेळात चिमटे पडत नव्हते, आणि आत्यांची तक्रारही नव्हती. वेळ गेला कुठे? मास्तर झपाटल्यासारखे शोधू लागले. त्यांनी चहावर पाळत ठेवली. दाजी हात धुवायला गेले की घड्याळ दाबलं. एकदा या नादात घड्याळाऐवजी शिट्टी तोंडात गेली आणि जोरात वाजली. त्या कारखान्यात शिट्टीचा अर्थ एकच होता. क्षणात सगळ्या शेड रिकाम्या झाल्या, माणसं अंगणात रांगेत उभी राहिली, सुरक्षा अधिकारी पाण्याची नळी घेऊन धावले, आणि आग कुठेच नाही म्हटल्यावर तिथेच आगीवरचं भाषण उरकून घेतलं. आत्या एकट्या आत उभ्या. दाजींनी परत आल्यावर फळ्यावर मुकाट्याने नवा रकाना आखला: शिट्टी.

त्या संध्याकाळी मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती यंत्रात कपडे टाकत होती. मास्तर तिला समजावत होते की चालण्याची वेळ म्हणजे काय, वेग म्हणजे काय, आणि मधला हा न सापडणारा वेळ म्हणजे काय. तिने हातातला ओला टॉवेल खाली ठेवला.

“हे यंत्र आत्ता का थांबलंय, सांगा बघू.”

मास्तरांनी बघितलं. नळ ठीक, वीज होती, झाकण उघडं होतं. कारण दिसेना.

“कारण तुम्ही बोलताय,” ती म्हणाली. “तुम्ही बोलता तेव्हा मी ऐकते, आणि मी ऐकते तेव्हा ते उघडं राहतं. आता सरका, मला बटण दाबू द्या.”

मास्तर सरकले. मग मोरीच्या उंबऱ्यावरच खाली बसले. आपण शिकवायला उभं राहायचो तेव्हा फळ्यापाशी लिहायला कोणी नसायचं. सगळे आपल्यासमोर बाकावर असायचे. सकाळी दोनदा, दुपारी एकदा, वर उजळणी. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग, अगदी नको तिथे, उजळला. कोडं सुटलं होतं, आणि कोड्याचं उत्तर ते स्वतः होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटचा रकाना आखायला घेतला तेव्हा दाजी आणि जावा भोवती जमल्या. त्यांना मास्तरांची दया आली. दाजी म्हणाले, ‘सभा’ लिहा, सभेला कोणी नावं ठेवत नाही. थोरली म्हणाली, ‘ज्ञान’ लिहा, बरं दिसतं. मास्तरांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘मास्तर’, आणि खाली जो वेळ भरला तो बाकीच्या सगळ्या रकान्यांपेक्षा लांब होता.

मॅडम आल्या. त्यांनी डोक्याला टोपी आणि पायात जाड बूट घातले होते, आणि साहेबांनी पुढे केलेली खुर्ची न बघता त्या सरळ आत्यांपाशी गेल्या. साहेब मागून शंभराचं वर्णन करत होते. मॅडमनी फळा वाचायला घेतला. रुसल्या, टेकल्या वाचताना त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण दाजींनी एकेकाचा अर्थ सांगितल्यावर त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. घास अडकतो तो स्प्रिंगच्या वाकड्या टोकामुळे, तेव्हा स्प्रिंग पुरवणाऱ्याला बोलवा, असंही साहेबांना सांगितलं. मग त्या शेवटच्या रकान्याशी थांबल्या.

“सगळ्यात जास्त वेळ हा मास्तर खातोय,” त्या म्हणाल्या. “हा कुठला भाग? आत असतो की बाहेर?”

साहेबांना वाटलं, असेल एखादा दट्ट्या. मॅडमनी दाजींना विचारलं, “बदलून मिळत नाही का हा?”

“मिळेल की,” दाजी म्हणाले. “पण नवा आणला तरी असंच करणार. याचं कामच ते आहे.”

आता गप्प राहिलं असतं तर मास्तरांचं निभावलं असतं. मॅडमनी तो भाग बदलून उपयोग नाही तर सगळं यंत्रच बदला म्हटलं असतं, आणि मास्तर वर्गात खडू घेऊन उभेच राहिले असते, दुसऱ्या यंत्रावरच्या दुसऱ्या माणसांना त्र्याहत्तर शिकवत. मास्तरांनी धाकटीकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती.

“मॅडम, तो मी,” मास्तर म्हणाले. “मी शिकवतो तेवढा वेळ या आत्या उभ्या राहतात. मला वजा केलं तर आकडा बासष्ट येतो. मी मोजलंय.”

मॅडमनी घड्याळ मागून घेतलं, शिट्टीकडे एकदा बघितलं, काही विचारलं नाही. स्टूल ओढून त्या आत्यांसमोर बसल्या आणि दाजींना म्हणाल्या, चालवा. दुपारपर्यंत त्या तिथेच होत्या. आत्या दोनदा रुसल्या, एकदा विचारात पडल्या. उठताना मॅडमनी हिशेब केला, तो बासष्टाच्या थोडा वरच गेला. शंभर कुठून आले, असं त्यांनी साहेबांना विचारलं तेव्हा साहेब छताकडे बघत होते. छतावर काही नव्हतं.

“हे यंत्र राहू दे,” मॅडम म्हणाल्या. “जे सगळ्यात जास्त अडवतंय ते आधी काढा.”

साहेबांनी इतक्या तत्परतेने कधी कुठला हुकूम पाळला नव्हता. मास्तरांचं प्रशिक्षकपद त्याच दिवशी गेलं. शिट्टीसकट नग कल्याण विभागात जमा झाला. ‘धावणे संपले का’ असं तिथे विचारलं गेलं, आणि मास्तरांनी हो म्हणून सही केली. घरी बायकोने नीट विचारून घेतलं: म्हणजे तुमच्यामुळे बिघडत होतं, तुम्ही गेल्यावर सुधारलं, हे तुम्हीच सिद्ध केलंत, आणि वर खूश आहात? मास्तर म्हणाले, अगं पण उत्तर अगदी तंतोतंत निघालं. ती कपाळाला हात लावून हसत बसली.

मास्तर पुन्हा मागच्या शेडमध्ये चिमटे तपासायला लागले. कोणी त्यांना बोलवत नव्हतं आणि बोलवायची गरजही नव्हती. महिन्याभराने एका सकाळी दाजी हात पुसत त्यांच्या टेबलापाशी आले. घुटमळले. आत्यांचा आवाज कालपासून निराळा येतोय, ते म्हणाले, रुसवा नाही, घास नाही, शिंकही नाही; आमच्याकडे याला नाव नाही. जरा ऐकता का येऊन?

मास्तरांनी हातातला चिमटा तसाच टेबलाच्या कडेला लावला आणि निघाले. आत्यांच्या कुशीला त्यांनी एका बाजूने कान लावला, दुसऱ्या बाजूने दाजींनी. दोघी जावांनी पाकिटं खाली ठेवली. आतून खरंच काहीतरी येत होतं, बारीक, गुणगुणल्यासारखं, चिमटे मात्र टपाटप पडत होते. तेवढ्यात केबिनचं दार उघडून साहेब आले आणि इथे कसली गर्दी, कोणी परवानगी दिली, असं विचारू लागले.

मास्तरांनी डोळे न उघडता एक हात वर केला आणि म्हणाले, “श्शू.”

आणि साहेब गप्प बसले.